दर्या, दऱ्या आणि फाईलचे नाव

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादच्या, वडीलधाऱ्या मंडळींना मनमाड स्थानकावरील एक खटाटोप नक्कीच आठवत असेल. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग ब्रॉडगेज, म्हणजे त्याच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. मनमाडहून औरंगाबादकडे फुटणारा, एके काळच्या निजामाच्या मुलखातला मार्ग मात्र मीटरगेज, म्हणजे अंतर १००० मिलिमीटर. १९९० च्या दशकात हा मार्ग रुंद झाला, तोपर्यंत मुंबईची गाडी सरळ औरंगाबादला येऊच शकत नसे. प्रवासी मनमाडला उतरून दुसऱ्या गाडीत बसत. मालाचे काम अधिक कष्टाचे. एका वाघिणीतील पोती उतरवायची, मोजायची आणि दुसऱ्या वाघिणीत चढवायची. एखादी वस्तू दुसऱ्या वाघिणीच्या दारातून आतच जात नसेल तर काय करायचे, हे तेथील अधिकाऱ्याने ठरवायचे.

संगणकातही असे एक मनमाड असते. आपण पेनड्राइव्ह संगणकाला जोडतो आणि त्यावरील ‘नकाशा’ नावाची फाईल उघडतो. पेनड्राइव्हवर नावे लिहून ठेवण्याची पद्धत एक आणि संगणकाच्या कार्यप्रणालीला समजणारी पद्धत दुसरी, असे पुष्कळदा असते. ह्या दोहोंच्या मध्ये बसून नावांची चढउतार करणाऱ्या लहानशा प्रोग्रॅमला फाईलव्यवस्थेचा ‘ड्रायव्हर’ म्हणतात. नाव ड्रायव्हर असले तरी त्याचे काम गाडी हाकण्याचे नव्हे, मनमाडच्या त्या माल-बदली धक्क्यावरचे आहे. आणि दारातून न जाणाऱ्या अक्षरांचे काय करायचे, हा प्रश्न त्यालाही पडतो.

अक्षरे म्हणजे आकडे

संगणकाला अक्षर ठाऊक नसते, आकडा ठाऊक असतो. तो आकडे ज्या डब्यांत साठवतो त्या प्रत्येक डब्याला ‘बाइट’ म्हणतात आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ ह्यांपैकी कोणताही एक आकडा मावतो. अमेरिकेत ठरलेल्या ‘आस्की’ ह्या तक्त्यात इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे ० ते १२७ ह्या आकड्यांत बसवलेली आहेत. उरलेले १२८ ते २५५ हे आकडे मोकळे होते. भारतीय लिप्यांसाठी त्यांचाच उपयोग करावा, असा विचार आपल्याकडे झाला आणि ‘इस्की’ हा तक्ता तयार झाला. त्याची एक आवृत्ती १९८८ ची. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तो आयएस १३१९४ ह्या क्रमांकाने मानक म्हणून स्वीकारला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान ह्याच तक्त्यावर उभे होते. संगणकात जिस्टचे कार्ड बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही पडद्यावर देवनागरी दिसे. त्या काळात ही चैनच होती!

इस्कीत न म्हणजे १९८, क म्हणजे १७९, काना म्हणजे २१८ आणि श म्हणजे २१३. तेव्हा ‘नकाशा’ हे नाव १९८, १७९, २१८, २१३, २१८ अशा पाच बाइटांत लिहिले जाई. प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला एक डबा. हिशेब सुटसुटीत होता.

अडचण अशी की १२८ च्या पुढचे आकडे प्रत्येकाने आपापल्या सोयीने वापरले. अमेरिकेतील पहिल्या पीसी संगणकांच्या तक्त्यात ह्याच जागांवर चौकटी काढण्याच्या रेषा आहेत. इस्कीतला ‘नकाशा’ त्या तक्त्याने वाचला तर अक्षरांऐवजी उभ्याआडव्या रेषांचे तुकडे दिसतात. डिस्कवरचे आकडे जसेच्या तसे असतात, वाचणाऱ्याने फक्त तक्ता चुकीचा घेतलेला असतो. ही बाब नीट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

जगातील सर्व लिप्यांना एकाच तक्त्यात जागा देणारा ‘युनिकोड’ १९९१ साली आला. त्यात देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा आहेत आणि त्यांचा क्रम १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेला आहे. येथे क चा क्रमांक २३२५ आहे. हा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही. मग लिहायचा कसा? ह्याची तोड केन थॉम्पसन आणि रॉब पाइक ह्या दोघांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, जेवणाच्या टेबलावरील कागदावर काढली. तिला आज यूटीएफ-८ म्हणतात. देवनागरीपुरती ती शाळकरी भागाकाराने समजते.

२३२५ ला ६४ ने भागा. भागाकार ३६, बाकी २१. आता ३६ ला पुन्हा ६४ ने भागा. भागाकार ०, बाकी ३६. पहिला बाइट २२४ + ० = २२४. दुसरा १२८ + ३६ = १६४. तिसरा १२८ + २१ = १४९. झाले, क म्हणजे २२४, १६४, १४९. वहीत म करून पाहा, त्याचा क्रमांक २३५० आहे. उत्तर २२४, १६४, १७४ यायला हवे.

ह्या पद्धतीतली खरी चतुराई बाइटांच्या वाटणीत आहे. ० ते १२७ हे आकडे एकटे धावतात, ती जुनी इंग्रजी अक्षरे. १९४ ते २२३ हे एक डबा ओढणारे इंजिन, २२४ ते २३९ हे दोन डबे ओढणारे आणि २४० ते २४४ हे तीन डबे ओढणारे. १२८ ते १९१ हे आकडे नेहमी डबेच असतात, ते कधीही पुढे लागत नाहीत. त्यामुळे कोणतीही रांग पुढ्यात आली तरी ती नियमाप्रमाणे जोडलेली आहे की नाही हे ड्रायव्हरला ताबडतोब तपासता येते.

आता इस्कीतला ‘नकाशा’ ह्या तपासणीस लावा. १९८ हे एक डबा ओढणारे इंजिन, त्यामागे १७९ हा डबा. जोडी योगायोगाने जमली! पुढे २१८ हे पुन्हा एक डबा मागणारे इंजिन, पण त्यामागे २१३, तेही इंजिनच. गाडी येथे अडते. हे नाव यूटीएफ-८ नव्हे, असा निर्वाळा ड्रायव्हर देतो.

पहारा कशासाठी?

लिनक्स ह्या कार्यप्रणालीची जुनी रीत अशी की फाईलच्या नावात काय आहे ह्याची चौकशीच करायची नाही. फक्त दोन बाइट वर्ज्य: एक ०, कारण त्याने नाव संपते, आणि दुसरा ४७, म्हणजे तिरपी रेघ, कारण ती एका फोल्डरला दुसऱ्यापासून वेगळे करते. बाकी बाइट कोणतेही असोत, ते जसेच्या तसे डिस्कवर जातात. अशा डिस्कवर इस्कीतले नावही सुखाने नांदते.

सगळेच एवढे उदार नसतात. झेडएफएस ह्या फाईलव्यवस्थेत ‘फक्त यूटीएफ-८’ असा एक नियम चालू करता येतो. ईएक्सटी-४ मध्ये २०१९ पासून, लिनक्सच्या ५.२ आवृत्तीपासून, इंग्रजीतील लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न मानणारी फोल्डरे ठेवण्याची सोय आली. तिच्याबरोबर ‘कडक’ तपासणीची खूणही आली. ती लावली असेल तर अशा फोल्डरात नियमबाह्य बाइटांचे नाव लिहूच दिले जात नाही.

हा कडकपणा काहींना उगाच वाटतो. मला तसे वाटत नाही, आणि ह्याला कारण आहे. तिरपी रेघ म्हणजे ४७. ती यूटीएफ-८ मध्ये एकाच बाइटने लिहायची असते. पण कोणी खोडसाळपणे तीच दोन बाइटांत ताणून लिहिली तर? १९२ आणि १२८ + ४७ = १७५. भागाकाराच्या रीतीने उत्तर ४७ च येते, पण ४७ शोधत बसलेल्या पहारेकऱ्याला १९२, १७५ ह्या जोडीत काहीच वावगे दिसत नाही. २००० साली मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस ह्या वेब-सर्व्हरमध्ये नेमके हेच घडले. सर्व्हर आधी नाव तपासत असे आणि उलगडत असे मागाहून. त्यामुळे बाहेरच्या माणसाला नेमून दिलेल्या फोल्डराच्या बाहेर शिरता आले. दुरुस्ती निघाली, पण ती सर्वांनी वेळेवर बसवली नाही आणि २००१ च्या सप्टेंबरात पसरलेल्या ‘निम्डा’ ह्या उपद्रवी प्रोग्रॅमने ह्याही वाटेचा फायदा घेतला. आता १९२ आणि १९३ हे बाइट यूटीएफ-८ मध्ये पूर्णपणे वर्ज्य आहेत. वरच्या वाटणीत इंजिने १९४ पासून का सुरू झाली, हे ह्यावरून ध्यानात येईल.

कुलपाची किल्ली

परंतु पहारा कडक असला की प्रामाणिक मालही अडतो. असे समजा की एका शाळेत १९९० च्या दशकातील फाईलींचा साठा आहे. त्यात गावांचे नकाशे आहेत, जुन्या विद्यार्थ्यांच्या याद्या आहेत, नावे इस्कीत आहेत. हा साठा नव्या संगणकावर आणताना कडक ड्रायव्हर प्रत्येक नाव नाकारतो. फाईलच्या आतील मजकूर धड आहे, डिस्क धड आहे, केवळ नावाच्या पाच बाइटांपायी फाईल उंबरठ्यावर उभी. नक्कल करणारा प्रोग्रॅम अशा वेळी चूक नोंदवून पुढच्या फाईलीकडे जातो. ती नोंद कोणी वाचली नाही, तर काही महिन्यांनी जुनी डिस्क मोडीत निघते आणि तिच्याबरोबर त्या याद्याही.

म्हणून नियम बाजूला सारण्याची किल्ली असावी लागते, आणि ती संगणकाच्या प्रशासकाकडेच असावी लागते. सामान्य वापरकर्त्याकडे ती दिली तर पहाऱ्याला अर्थ उरत नाही.

पेनड्राइव्हवर नेहमी आढळणाऱ्या फॅट ह्या व्यवस्थेचा लिनक्समधील ड्रायव्हर ह्या बाबतीत पाहण्यासारखा आहे. डिस्क जोडताना नावे कोणत्या तक्त्याने दाखवायची हे प्रशासक सांगू शकतो. पश्चिम युरोपच्या भाषांचा तक्ता सांगितला, तर त्यात देवनागरी नाही, आणि मग न बसणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागी ड्रायव्हर प्रश्नचिन्ह दाखवतो. ‘नकाशा’ची पाच प्रश्नचिन्हे होतात आणि ‘पुतळा’चीही पाचच. दोन्ही नावे सारखी दिसतात. शिवाय अशी फाईल उघडायला जावे तर ड्रायव्हरला त्या प्रश्नचिन्हांवरून मूळ नावाकडे परत जाता येत नाही. फाईल यादीत दिसते, पण उघडत नाही आणि पुसलीही जात नाही. पुष्कळ लोक अशा वेळी पेनड्राइव्ह खराब झाला असे समजून ती ‘फॉरमॅट’ करतात. तसे करू नये!

ह्यावर त्या ड्रायव्हरात एक वेगळा उपायही ठेवलेला आहे. प्रशासकाने तसे सांगितले तर न बसणाऱ्या चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्हाऐवजी अपूर्णविराम आणि त्यापुढे त्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक दाखवला जातो. हा क्रमांक सोळा-आधारी पद्धतीत लिहिलेला असतो, त्यामुळे २३२५ चे तेथे ०९१५ होते. (९ गुणिले २५६ अधिक १ गुणिले १६ अधिक ५, करून पाहा.) अपूर्णविरामच का? फॅट व्यवस्थेत फाईलच्या नावात अपूर्णविराम चालत नाही, तेव्हा तो मूळ नावातला असण्याची शंकाच येत नाही. नाव दिसायला ओबडधोबड होते खरे, पण दोन निराळी नावे निराळी राहतात आणि मूळ नाव परत मिळते. माझ्या मते नियम शिथिल करण्याची हीच योग्य तऱ्हा आहे. काहीही हरवू नये, मग ते कुरूप दिसले तरी चालेल.

झेडएफएसमध्ये मात्र ‘फक्त यूटीएफ-८’ हा नियम साठ्याचा विभाग तयार करतानाच ठरवावा लागतो. मागाहून तो प्रशासकालाही बदलता येत नाही. नवा विभाग करून फाईली तेथे न्याव्या लागतात. ईएक्सटी-४ मध्ये कडकपणाची खूण लावली नसेल, तर ड्रायव्हर नियमबाह्य नावाला नुसत्या बाइटांची रांग मानतो आणि जसेच्या तसे ठेवतो.

किल्ली वापरणाऱ्याने पथ्येही पाळावीत. जुनी डिस्क प्रथम ‘केवळ वाचन’ अशा रीतीने जोडावी, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही. ज्या विभागात कडकपणा नाही, तेथे सर्व फाईली मूळ नावांनिशी उतरवून घ्याव्यात. मग नावे एका तक्त्यातून दुसऱ्यात न्यावीत. लिनक्सवर ह्या कामासाठी ‘कन्व्हएमव्ही’ नावाचे साधन आहे. ते आपण होऊन काहीच बदलत नाही. काय बदलणार आहे एवढेच प्रथम दाखवते आणि स्पष्ट आज्ञा दिल्यावरच नावे बदलते. ह्या साधनाच्या कर्त्याला माणसांची चांगली पारख असावी. नावे सुधारली की मगच फाईली कडक विभागात न्याव्यात.

बाइट बरोबर, तरी घोटाळा

येथपर्यंत प्रश्न नियमबाह्य बाइटांचा होता. मराठीपुढे आणखी एक प्रश्न आहे, आणि त्यात प्रत्येक बाइट अगदी नियमाप्रमाणे असतो.

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा. हिंदीला ह्या दुसऱ्या र ची गरज पडत नाही, मराठीला पडते. आचार्यास दक्षिणा द्यायची की आचाऱ्यास, हे त्या लहानशा वळणावर ठरते! युनिकोडमध्ये हा र तीन प्रकारे लिहिला जातो. पहिला प्रकार २३५३ क्रमांकाचा स्वतंत्र ऱ, त्यापुढे पायमोडीचे चिन्ह. दुसरा प्रकार साधा र (२३५२), त्याखाली नुक्ता (२३६४), मग पायमोडी. तिसरा प्रकार साधा र, पायमोडी आणि तिच्यापुढे ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य चिन्ह, ज्याला ‘जोडचिन्ह’ म्हणता येईल. पडद्यावर तिन्ही ‘दऱ्या’ सारख्याच दिसतात. बाइट मोजले तर पहिली १५ बाइटांची, उरलेल्या दोन्ही १८ बाइटांच्या.

पहिला आणि दुसरा प्रकार एकच मानावा असे युनिकोड सांगते. अ‍ॅपलच्या १९९८ सालच्या एचएफएस प्लस ह्या व्यवस्थेत पहिल्या प्रकारचे नाव दिले तरी डिस्कवर ते दुसऱ्या प्रकारात फोडून लिहिले जाई. तिसरा प्रकार मात्र युनिकोडच्या दृष्टीने वेगळा आहे. तेव्हा एकाच फोल्डरात ‘दऱ्या’ नावाच्या दोन फाईली सुखाने राहू शकतात आणि त्यांतली कालची कोणती हे दिसण्यावरून सांगता येत नाही.

लिनक्समधील त्या लहान-मोठा भेद न मानणाऱ्या फोल्डरात नेमके उलटे होते. तेथे नावांची तुलना करताना डोळ्यांना न दिसणारी काही चिन्हे वगळली जातात आणि ८२०५ हे त्यांपैकीच एक. ते वगळले की तिसऱ्या प्रकारच्या ‘दऱ्या’ची उरते ‘दर्या’. म्हणजे समुद्राची फाईल तेथे आधीच असेल, तर डोंगराची दुसरी फाईल त्या नावाने ठेवता येत नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर इंग्रजीतील लहान-मोठी अक्षरे होती, मराठीतला र नव्हता. असे फोल्डर करायचे की नाही हे प्रशासकाच्या हाती असते आणि ती खूण केवळ रिकाम्या फोल्डरालाच लावता येते. मराठी कागदपत्रांच्या फोल्डराला ती लावू नये, असे मी सुचवीन. लिहिणाऱ्यांनीही २३५३ चाच ऱ वापरावा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र ज्या कळीवर आहे, तीच शिफ्टसह दाबली की तो उमटतो.

मग हा नियमच का सुधारत नाहीत? तसा प्रयत्न झाला. २०२४ च्या ऑक्टोबरात लिनक्सच्या कर्त्यांनी अदृश्य चिन्हे वगळण्याची रीत बंद केली. परिणाम चमत्कारिक झाला. मोठ्या फोल्डरात फाईल चटकन सापडावी म्हणून तिच्या नावावरून गणिताने एक आकडा काढतात आणि त्या आकड्याच्या कप्प्यात नोंद ठेवतात. ग्रंथपाल पुस्तकाच्या नावावरून कपाटाचा क्रमांक काढतो, तसेच हे. रीत बदलताच जुन्या नावांचे आकडे बदलले. नोंद जुन्या कपाटात आणि ग्रंथपाल नव्या कपाटापाशी! अदृश्य चिन्हे असलेल्या नावांच्या फाईली यादीत दिसत, पण उघडत नसत. बदल डिसेंबरात मागे घ्यावा लागला. त्यानंतर २०२५ साली ईएक्सटी-४ मध्ये अशी सोय आली की कपाटात नोंद सापडली नाही, तर सगळे फोल्डर पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळायचे. हे सावकाश होते, म्हणून ते बंद करण्याचा खटकाही प्रशासकासाठी ठेवला आहे.

‘ॲटलास’मधल्या ॲ चीही अशीच रड आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा (२४१८) २००८ साली मिळाली. त्याआधीच्या फाईलींत तो अ आणि त्यावर अर्धचंद्र असा दोन तुकड्यांनी लिहिलेला आढळतो, आणि हे दोन्ही एकच आहेत असे युनिकोड मानत नाही.

एक मर्यादा मात्र कोणत्याच किल्लीने उघडत नाही. विंडोजच्या एनटीएफएस व्यवस्थेत फाईलच्या नावात २५५ चिन्हे चालतात, आणि तेथे क हे एकच चिन्ह. ईएक्सटी-४ मध्ये मर्यादा २५५ बाइटांची आहे, आणि तेथे क चे तीन. काना, मात्रा, पायमोडी ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. ‘औरंगाबाद’ २४ बाइटांत बसते, ‘छत्रपती संभाजीनगर’ला मधल्या मोकळ्या जागेसह ४९ लागतात. ८५ देवनागरी चिन्हे झाली की नाव भरले. शंभर चिन्हांचे नाव विंडोजवर खुशाल देता येते आणि तीच फाईल लिनक्सवर उतरवताना ‘नाव फार लांब’ असा नकार मिळतो. येथे प्रशासकाचेही काही चालत नाही, कारण ईएक्सटी-४ च्या प्रत्येक नोंदीत नावाची लांबी लिहिण्यासाठी जागाच एका बाइटची ठेवलेली आहे, आणि एका बाइटमध्ये २५५ हून मोठा आकडा मावत नाही.